राज्य गंधारवर होतं

केक आणायचा, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी नुपूरचा सातवा वाढदिवस. केक मुशैरिबच्या एका दुकानात सांगून ठेवलेला, आणि तिच्या आईला, गौरीला, ऑफिसातून सुटायला उशीर होणार होता. म्हणून गंधार रास लफानच्या गॅस प्लांटवरून कंपनीच्या बसनं घरी आला, अंघोळ केली, पोरीला गाडीत घातलं आणि अबू हमूरहून निघाला. तारीखच सांगतो, चौदा नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, कैवल्य, तोंड वाकडं करू नकोस. उलट दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. तुम्हा पोरांना भुताच्या गोष्टीत वड लागतो आणि पाऊस लागतो. दोह्यात वड कुठून आणू मी?

गंधारला तुम्ही पाहिलंय. मंडळाच्या गणपतीत झांजा वाजवतो तो उंच माणूस, तोच. तुम्हाला वाटतं तो नाशिकहून नोकरीला आलेला इंजिनियर. अरे, तो इथलाच. जन्म इथला. आज मुशैरिबमध्ये ती ट्राम फिरते ना, गुळगुळीत फरशांवरून, तिथे आमची गल्ली होती. एका चौकाभोवती आठ खोल्या, आठ बिऱ्हाडं, मिळून एक नळ. गंधारचे वडील श्यामराव गॅरेजमध्ये फिटर. त्यांच्या शेजारी सलमाचं बिऱ्हाड, मूळचं खेडचं, बाप टेलर. चौथ्या खोलीत मी, फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचो. ड्रायव्हर, इस्त्रीवाला, न्हावी, सगळे आमच्यासारखेच. उन्हाळ्यात एसी बंद पडला की आठही घरं गच्चीवर झोपायची आणि पहाटे कोणाची चादर कोणाच्या अंगावर, काही पत्ता नसायचा. चांगले दिवस होते, खोटं का बोलू? ब्याण्णवच्या जूनमध्ये श्यामराव कायमचे गावी गेले. तेव्हा गंधार नऊ वर्षांचा होता, सलमा आठ. पुढे ती गल्लीच पाडली.

तर केक घेतला. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. हवा छान होती, म्हणून गंधार पोरीला म्हणाला, चल, तुला माझं घर दाखवतो. एका हातात केकचा खोका, दुसऱ्या हातात नुपूर, आणि हा बाबा नव्या इमारतींमध्ये जुनी गल्ली शोधतोय. इथे शफीकचं कोल्ड स्टोअर होतं, किराणा-आइस्क्रीमचं दुकान. नाही, तिथे. इथे रोटीची भट्टी, इथे न्हावी. प्रत्येक ठिकाणी काच आणि कॉफी. नुपूर कंटाळली. "बाबा, देअर इज नथिंग हिअर," म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मराठी आकडे तर वीसच्या पुढे येतच नाहीत, एकोणतीस म्हटलं की रडकुंडीला येते.

मग त्यानं तिला लपाछपीचं सांगितलं. शफीकच्या दुकानाच्या भिंतीवर डोकं टेकायचं, शंभर मोजायचे, ओरडायचं, "येऊ का?" लपलेले म्हणणार, "ये!"

"हू वॉज द बेस्ट?"

"सलमा. ती कधी सापडायचीच नाही."

"व्हेअर इज शी नाऊ?"

"गावी गेली," गंधार म्हणाला. त्याला तसंच सांगितलं होतं.

आणि बोलता बोलता त्याला ती शेवटची संध्याकाळ आठवली. राज्य त्याच्यावर होतं. ऐंशीच्या पुढे मोजून झाले होते, तेवढ्यात श्यामरावांनी हाक मारली, विमानतळावर न्यायला व्हॅन येऊन उभी होती. बाकीची पोरं व्हॅन बघायला धावली. सलमा तेवढी कुठेतरी लपलेली. निरोप तर घ्यायला हवा, म्हणून हा मोकळ्या गल्लीकडे तोंड करून ओरडला, "सलमा, येतो गं!" आणि पळाला. आपल्यात जातो म्हणत नाहीत ना. जातो म्हटलं असतं तर आईनं तोंडात दिली असती.

गाडी चौथ्या तळघरात होती. तिथले दिवे माणसाच्या हालचालीवर लागतात. तुम्ही चालाल तेवढा भाग उजळतो, मागचा विझतो. गंधारनं डिकी उघडली, केक सरळ बसेल असा ठेवला, बाजूला पाण्याच्या बाटल्या लावल्या. अर्धं मिनिट लागलं असेल. वळला.

नुपूर नव्हती.

"नुपूर?"

आवाज घुमला. गाड्या फारशा नव्हत्या. तो खाली वाकून चाकांमधून पाहू लागला. सरळ झाला, तेव्हा लांबच्या टोकाला एक दिवा लागला. तिथे कोणी नव्हतं. तो विझला. शेजारचा लागला. जसं कोणी चालतंय...

आणि मग मोजणं ऐकू आलं.

"अठ्ठावन्न... एकोणसाठ... साठ..."

आवाज नुपूरचा. शंकाच नाही, बापाला पोरीचा आवाज कळतो. पण आकडे मराठी. एकही न चुकता.

तो धावला. आवाज एका खांबामागून येत होता. खांबामागे कोणी नाही. आवाज पलीकडच्या खांबामागून. तिथेही नाही. आपल्याकडे ह्याला चकवा म्हणतात, रानात लागतो. पियूष, हसू नकोस. त्या माणसाला तीनदा स्वतःचीच गाडी आडवी आली, उघड्या डिकीसकट.

"सत्त्याऐंशी... अठ्ठ्याऐंशी... एकोणनव्वद..."

"नुपूर, थांब! जिथे आहेस तिथेच थांब!"

"अठ्ठ्याण्णव... नव्याण्णव..."

शंभर.

ती लिफ्टजवळच्या खांबाशी उभी होती. डोकं खांबाला टेकलेलं, डोळ्यांवर हात. त्या खांबाजवळून तो दोनदा गेला होता.

"येऊ का?" नुपूर म्हणाली.



मग समोरच्या काळोखातून, जिथे एकही दिवा लागला नव्हता... दबलेला. जाड झाकणाआडून यावा तसा...

"ये..."

गंधारनं पोरीला उचललं आणि गाडीत टाकलं. डिकी कशी लावली, वर कसा आला, त्याला आठवत नाही. सिग्नलला थांबल्यावर नुपूर मागून म्हणाली, अगदी सहज, "शी इज स्टिल हायडिंग, बाबा. यू सेड येतो. सो शी वेटेड."

सिग्नल सुटला, त्यानं गाडी दामटली.

"नाऊ इट्स माय टर्न, शी सेज. बिकॉज यू वेंट होम."

त्या रात्री नुपूरला ताप भरला. सकाळी डॉक्टरांनी औषध दिलं, साधा ताप म्हणाले. पाहुणे आधीच बोलावलेले, त्यात दुपारी ताप थोडा उतरला, म्हणून संध्याकाळी केक कापला. फुगे, पोरांचा कालवा, गौरी प्लेटा भरतेय. आणि वाढदिवसाची पोरगी जागेवर नाही. गौरी स्वयंपाकघरात गेली, तर नुपूर फ्रिजच्या दाराला डोकं टेकून उभी. डोळ्यांवर हात.

"एकोणऐंशी... ऐंशी..."

गौरीनं तिला ओढून घेतलं. अंग तव्यासारखं तापलेलं, हात मात्र गार. गौरीच्या कुशीतही ती मोजतच राहिली. शंभर झाले, म्हणाली, "येऊ का?" आणि कान देऊन थांबली. मग पुन्हा एकपासून सुरू. पाहुणे पांगले. साडेआठ वाजले तरी असंच चाललं होतं. पाणी पाजलं तर घोटामधून आकडे. थांबवायला गेलं की नुसतं बघायची, आणि ती नजर आपल्या पोरीची नाही, असं गौरी मला नंतर रडत म्हणाली.

गंधारनं मला फोन केला. नमस्कार नाही, काही नाही. "काका, आम्ही गेलो त्या संध्याकाळी सलमा घरी आली होती का?"

 बत्तीस वर्षं मी गप्पच होतो. श्यामरावांनीच फोनवर सांगितलं होतं, पोराला कळू देऊ नका, जन्मभर मनात घेऊन बसेल. पण आता कोणासाठी लपवायचं?

सांगितलं त्याला. सलमा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. शफीकच्या दुकानामागे आइस्क्रीमचा एक जुना फ्रीझर टाकलेला होता, त्यात. झाकण बाहेरून अडकायचं. तिनं आरडाओरडा केला असता तर कोणीतरी ऐकलं असतं, भिंतीला लागून तर न्हाव्याचं दुकान. पण ती ओरडली नसावी. लपलेलं माणूस ओरडतं का? राज्य ज्याच्यावर, तो येतो म्हणाला होता.

आणि तो फ्रीझर, पोरांनो, मी टाकला होता तिथे. मीच दुकानातून ओढून मागे नेला. कडी काढून टाकायला हवी होती. उद्या काढू म्हटलं. त्या उद्याची मला आजही लाज वाटते.

मी गंधारला म्हटलं, थांब, मीही येतो. तर म्हणाला, "नको काका. राज्य माझ्यावर होतं."

शुक्रवार. रात्रीचे दहा वाजून दहा मिनिटं. चौथं तळघर रिकामं. गंधारनं गाडी लावली, इंजिन बंद केलं. लिफ्टजवळच्या खांबाशी गेला. कपाळ टेकलं, डोळे झाकले. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या माणूस. आणि मोजायला लागला.

वीसपर्यंत काही नाही.

चाळीसला मागचा दिवा विझला. डोळे मिटलेले असले तरी कळतं.

साठ... सत्तर...

डोक्यावरचा विझला.

नव्वदला त्याला जाणवलं की आपण एकटे मोजत नाही आहोत. कोणीतरी हळू, त्याच्याबरोबर...

नव्याण्णव. शंभर.

"येऊ का?"

"ये..."

तो गेला. हात पुढे करून, आवाजाच्या रोखानं. दिवा लागायला हवा होता, लागला नाही. दहा पावलं. वीस. रबराचा वास आला, जुना, कुबट. तो थांबला. समोर काय होतं, त्याला दिसलं नाही. पण कमरेच्या उंचीवर काहीतरी होतं, आणि त्याच्या आत कोणीतरी श्वास रोखून बसलं होतं.

"सलमा," तो म्हणाला. "सापडलीस."

काही नाही.

"माझं चुकलं गं. मी येणार नव्हतो. विमान होतं. मी नुसता निरोप घेतला."

काही नाही. श्वास तसाच रोखलेला.

गंधार मला म्हणाला, काका, त्या क्षणी मला निघायचं होतं, आणि तोंडात तोच शब्द आला. येतो. जिभेच्या टोकावर. जन्मभराची सवय. मी ओठ दाबून धरले. हे म्हटलं तर ती पुन्हा वाट बघणार. मी नाही आलो तर नुपूर येणार. नुपूरनंतर तिची पोरं.

दुसरा शब्द तोंडातून निघेना. जातो म्हणणारा परत येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. घरी ताप आलेली पोरगी, बायको. आणि हा काळोखात उभा राहून स्वतःच्या तोंडानं ते म्हणणार...

"सलमा, मी जातो."

...

"परत येणार नाही. डाव संपला. तू बाहेर निघ. घरी जा, बाळा."

तो रडत होता. सांगताना लपवलं नाही त्यानं.

 मग समोर रबर फाटल्यासारखा आवाज झाला. बंद फ्रिजचं दार निघताना होतो तसा. कोणीतरी श्वास सोडला. लांब.

आणि सगळे दिवे लागले. एकदम. समोर रिकामी जागा, पांढरे पट्टे.

घरी पोचला तेव्हा नुपूर घामाघूम होऊन झोपली होती, ताप उतरलेला. गौरी म्हणाली, सव्वादहा-साडेदहाच्या सुमाराला मोजता मोजता मध्येच थांबली आणि कूस बदलली. आजही तिला एकोणतीस येत नाही. गंधारही धडधाकट आहे, परवाच भेटला. फक्त आता कुठूनही निघताना तो काहीच म्हणत नाही. मान हलवतो आणि निघतो. लोकांना वाटतं, माणूस शिष्ट आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, गाडीकडे वळताना, त्याला मागे लिफ्टची घंटी ऐकू आली. लिफ्ट त्यानं बोलावली नव्हती. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. दार उघडंच राहिलं, कोणी धरून ठेवल्यासारखं, आणि आतली बटणं त्याला स्पष्ट दिसली. खालच्या दोन रांगा झाडून सगळ्या पेटलेल्या होत्या. आठ वर्षांची पोर चवड्यांवर उभी राहिली तर हात पुरेल, तिथवर. त्याच्या वरचं एकही नाही.

दार बंद झालं. लिफ्ट एकेका मजल्यावर थांबत वर गेली.