दोरीवरचा काळा कोट

"जुने कपडे विकतात ते घर हेच का जी?"

दारातला तरुण हातातल्या वर्तमानपत्राच्या कपट्याकडे एकदा आणि देवकीकडे एकदा पाहत होता. नोव्हेंबरातलं कोवळं ऊन त्याच्या खांद्यावरून आत आलं होतं. देवकीच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली,

"जुने नाहीत. नको झालेले. जाहिरातीत नीट लिहिलंय."

त्यानं कपटा पुन्हा वाचला. "लिहिलं आहे खरं... चुकलं माझं."

इतक्या लवकर चूक कबूल करणारं गिऱ्हाईक देवकीनं अजून पाहिलं नव्हतं. तिनं बाजूला होऊन त्याला आत घेतलं.

त्र्याहत्तर सालची ही गोष्ट. गणेशपेठेत, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात देवकी आणि तिचे वडील महादेवराव राहत. महादेवराव रेल्वेत तिकीट तपासनीस होते, वर्षापूर्वी निवृत्त झाले होते. आई गेल्यापासून स्वयंपाक त्यांनीच हाती घेतला होता. देवकी दूरच्या एका शाळेत हंगामी मास्तरीण होती. रोज तंगडतोड करून तिचे पाय भरून येत. तिला लेडीज सायकल हवी होती, पण त्या पगारात सायकल बसत नव्हती.

दिवाळीच्या साफसफाईत शेजारच्या कांताबाईंनी पेटीतल्या साड्या बाहेर काढल्या, आणि तिथून हे सुरू झालं. न नेसलेल्या, आहेरात आलेल्या, रंग न आवडलेल्या साड्या नुसत्या पडून होत्या. "भांडेवालीला देते," कांताबाई म्हणाल्या, तर देवकीनं त्यांचा हात धरला. तिनं त्या साड्या धुतल्या, इस्त्री केली, उसवलेले काठ शिवले आणि पेपरात तीन ओळींची जाहिरात दिली. आठवड्यात सगळ्या गेल्या. मग गल्लीतल्या बायका आपापल्या पेट्या उघडू लागल्या. आलेल्या पैशांतले निम्मे ज्याचे त्याला, निम्मे देवकीला. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली होती आणि तिच्यावर अर्ध्या गल्लीचं नको झालेलं टांगलेलं असे.

त्या दोरीवरची एक करवती काठाची साडी त्या तरुणानं चिमटीत धरली. अंगठ्यानं काठ चाचपला, पदर उलटा करून पाहिला.

"तुम्हाला साडी हवीय?"

"नाही, कोट हवा आहे. काळा." पण साडी काही त्यानं सोडली नाही. "ह्या साडीची किंमत काय लावली?"

देवकीनं सांगितली. त्यानं मान हलवली.

"महाग वाटते?"

"फार कमी लावली. हातमागाची आहे ही. हे काठ मशीनवर निघत नाहीत. दुप्पट सांगा, घेणारा घेईल."

देवकीला हसू आलं. "घासाघीस अशी उलटी करतात होय तुमच्याकडे?"

"आमच्याकडे विणतात," तो म्हणाला. "उमरेडला. आजा विणत होता, बाप विणून राहिला..." मग थांबून, शब्द सावरून, "मी चंद्रभान. वकील आहे. म्हणजे... सहा महिने झाले. सोमवारी पहिली केस एकट्यानं चालवायची आहे. इतके दिवस माझ्या सीनिअरचा कोट घालत होतो, पण त्या दिवशी त्यांनाही कोर्टात उभं राहायचं आहे."

दोरीवर काळा कोट नव्हता. पण दाराआडच्या खुंटीवर होता. महादेवरावांचा, सर्जच्या कापडाचा, पितळी बटणांचा. निवृत्तीनंतर त्यांनी तो एकदाही अंगावर घातला नव्हता. ते बहिणीकडे अमरावतीला गेले होते, रविवारी रात्री येणार होते. देवकीनं क्षणभर विचार केला... अन् क्षणभरच केला.

कोट त्याला जरा सैल झाला, पण खांदे बरोबर बसले. देवकी पितळी बटणं कापून काळी लावत बसली. तो समोरच्या स्टुलावर, हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा.

"इतकं लक्ष देऊन काय बघताय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"बटण."

"बटण इकडे आहे. तुम्ही तिकडे बघताय."

तो कानापर्यंत लाल झाला. सुई देवकीच्या बोटात टोचली, तेही तिनं त्याला कळू दिलं नाही.

रविवारी रात्री महादेवराव आले. सोमवारी सकाळी अंघोळ करून ते खुंटीपाशी गेले आणि तिथंच उभे राहिले.

"देवके, माहा कोट कुठं आहे वं?"

तिनं सांगितलं. सांगताना आवाज बारीक होत गेला.

"येत्या रविवारी आमच्या जुन्या लोकायचं संमेलन आहे," ते म्हणाले. "म्हटलं, तोच घालून जाऊ." चिडले असते तर बरं झालं असतं. ते स्वयंपाकघरात गेले अन् निवडलेली डाळ पुन्हा निवडत बसले. बत्तीस वर्षं ज्या कोटात हा माणूस घराबाहेर पडला, तो आपण त्याला न विचारता दोरीवरच्या कपड्यांसारखा विकला. देवकीनं ताट बाजूला सारलं.

चंद्रभानचा पत्ता तिच्याकडे नव्हता. कोर्ट मात्र ठाऊक होतं. शाळेत रजेचा अर्ज पाठवून ती निघाली.

कोर्टात काळ्या कोटांचीच गर्दी. चार खोल्यांत डोकावल्यावर पाचव्या खोलीत तो दिसला. त्याच्या शेजारी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी पदर तोंडाशी धरून उभी होती. रुखमाबाई, भाजी विकणारी. घरमालकानं तिचं सामान बाहेर काढायचा घाट घातला होता. देवकी मागच्या बाकावर टेकली. कोट परत मागायचा, इतकंच तिला करायचं होतं.

चंद्रभान बोलायला उठला आणि पहिल्या वाक्यातच अडखळला. समोरचा वकील गालात हसला. देवकीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग चंद्रभाननं कागद खाली ठेवले, म्हातारीकडे एकदा पाहिलं आणि बोलू लागला. साधं, सरळ. बाई कधीपासून राहते, भाडं कुणाच्या हाती देते, पावती कधी मिळाली अन् कधी नाही. एक धागा दुसऱ्यात गुंतवत त्यानं सगळं पुढं आणलं. न्यायाधीशांनी दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं त्याच्याजवळ होती. पुढच्या तारखेपर्यंत बाईला कुणी हलवायचं नाही, असा हुकूम झाला.

बाहेर व्हरांड्यात रुखमाबाई त्याच्या कोटाची बाही धरून कितीतरी वेळ उभी होती. ती गेल्यावर त्याला देवकी दिसली. त्याचा चेहरा उजळला.

"तुम्ही... केस ऐकायला आलात?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिनं खरं सांगितलं, सगळं, डाळीसकट.

त्यानं लगेच कोट काढला, नीट घडी घालून तिच्यापुढे धरला.

"आणि पुढच्या तारखेला काय घालाल?"

"पाहू. तुमचे वडील उदास बसले असताना हा कोट मले अंगावर सहन होणार नाही."

"मग तुम्हीच चला," देवकी म्हणाली. "तुमच्याच हातानं द्या. मला धीर होत नाही."

महादेवरावांनी कोट घेतला, मांडीवर ठेवला. मग पोराकडे पाहिलं.

"कोर्टात गेल्ता हा घालून? जज काय म्हणले?"

चंद्रभाननं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. घरमालकाचा वकील गप्प बसला तिथं त्यांनी मांडीवर थाप मारली. चहा झाला, पोहे झाले. शेवटी ते म्हणाले, "घाल पाहू पुन्हा." चंद्रभाननं घातला. त्यांनी मागून कॉलर नीट केली.

"खांदे पाडू नको गा. कोट अंगात असला का माणसानं ताठ राहावं." मग त्याची बाही झटकत, "रविवारचा एक दिवस मले दे. बाकी तुह्याच जवळ ठेव. पण दर तारखेले काय झालं, ते मले येऊन सांगायचं. कबूल?"

"कबूल जी."

संमेलनात काळ्या बटणांमुळे सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत होते. आठ दिवस ते हीच गोष्ट सांगत होते.

त्यानंतर चंद्रभान दर शनिवारी येऊ लागला. त्या दिवशी तो उमरेडला घरी जाई, आणि स्टँड तर जवळच होतं. महादेवरावांना कोर्टातलं सांगायचं, मग दोरीपाशी उभं राहून देवकीला कापडांचे भाव सांगायचे. इतवारीच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्यांना दिसणार नाहीत अशा गोष्टी त्याच्या बोटांना कळत. तो सांगे तो भाव देवकी कधी मुद्दाम खोडून काढी, कारण वाद घातला की त्याची बस चुके आणि पुढची तासाभरानं असे. संक्रांतीला सायकल आली. तिच्यावरून ती पहिल्यांदा पडली तेव्हा चंद्रभान धावला, आणि उचलायचं कुणाला ते न कळून त्यानं आधी सायकल उचलली. ती कितीतरी दिवस त्याला यावरून बोलत होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो आला तो अंगात नवा कोट घालून. जुना हातात, इस्त्री केलेला.

"शिवून घेतला," तो म्हणाला. "बाबांचा परत आणला."

देवकीनं कोट घेतला. खुंटीला लावताना तिची पाठ त्याच्याकडे होती. "म्हणजे आता येणं बंद?"

"कारण उरलं नाही."

"कापडांचे भाव?"

"ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरे कळतात. डिसेंबरापासूनच. तुम्ही उगीच चुकीचं सांगत होतात... अन् मी उगीच सुधारत होतो."

ती वळली. रस्त्यावरून संत्र्यांची हातगाडी गेली, त्यांचा वास खोलीभर दरवळला. तो शब्द शोधत होता. भरल्या कोर्टात सापडले होते, ते इथं सापडत नव्हते.

"मले... म्हणजे मला..."

"मलेच म्हणा," देवकी हळूच म्हणाली. "तसं बोलता तेव्हा खरं बोलता."

"मले तुम्ही फार आवडता, देवकी. काहून आलो असतो मी इतके शनिवार..." तो थांबला. "तुमचं काय, ते सांगा. नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे... चालणार नाही, पण सांगा."

देवकीनं दोरीवरची एक साडी उगीच सारखी केली.

"पुढच्या शनिवारी येऊ नका."

त्याचा चेहरा पडला. तो पुरता पडायच्या आधीच ती म्हणाली, "रविवारी या. आईबाबांना घेऊन या."

दोरीवरच्या दोन साड्यांच्या मधून त्यानं हात पुढं केला, आणि तिनं तो धरला.

आत फोडणीचा चुरचुराट थांबला होता. महादेवरावांचा आवाज आला,

"देवके, रविवारी किती जणायचा सयपाक धरू वं?"