मागं कोणी नाही

थांब अभिराज. तो मेसेज एवढ्यात पाठवू नकोस. मघापासून ऐकतोय मी. उद्या तुम्ही सगळे नंदीच्या डोंगरावर जाताय, आणि त्या प्रणीतला म्हणे ‘बेत रद्द झाला’ असं कळवायचं. का, तर तो चढावर मागं पडतो. कळव हवं तर, मी कोण अडवणार? पण आधी स्वल्प बस इथं. भव्या, गच्चीवरचा दिवा मालव ग, किडे येतात. हं. आता ऐका.

आपल्या मागल्या गल्लीतले जयसिंगराव माहीत आहेत ना? रविवारी पहाटे टोपी घालून निघतात ते. ही त्यांची गोष्ट. त्यांनी मला स्वतः सांगितली, तीही एकदाच, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर जयसिंगरावांना घर खायला उठलं. त्याहून जास्त ते घराला खायला उठले. डबे कुठं ठेवायचे, फोडणी कधी द्यायची, सगळ्यांत नाक. शेवटी बायकोनंच सुचवलं, की तुमच्यासारखे आणखी रिकामे लोक गोळा करा आणि कुठंतरी लांब चालायला जा. त्यातनं ‘रविवारची फेरी’ निघाली. महिन्यातून एकदा पहाटे यशवंतपूरहून बस करायची, शहराबाहेर एखाद्या खेड्यात उतरायचं, रागीच्या शेतांतनं, तळ्याच्या बांधावरनं फिरायचं आणि शेवटी देवळात बसून इडली खायची. सगळे साठीच्या पुढचे. मीही जायचो अधूनमधून.

त्यात जयसिंगरावांची एक पद्धत होती. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ते एकटे स्कूटरवर त्या गावाला जायचे, सगळी वाट चालून बघायचे आणि जिथं वाट फुटते तिथं झाडाला चिंधी बांधायचे. म्हातारे सगळे एका चालीनं चालत नाहीत, पांगतात. चिंधी दिसली की कळतं, इकडं वळायचं. आणि जो सर्वांत शेवटी असेल त्यानं त्या चिंध्या सोडत यायचं. दुसऱ्याच्या रानात आपला कचरा ठेवायचा नाही.

शेवटचा माणूस ठरलेला होता. विठोजी अण्णा. वयानं सगळ्यांत मोठे, गुडघा अधू, हातात काठी. चिंध्याही त्यांच्याच घरच्या. त्यांच्या पत्नी सकवारक्का जुन्या साड्या फाडून द्यायच्या. अण्णा प्रत्येक चिंधी सोडायचे, हातानं सपाट करायचे, चार घड्या घालायचे आणि सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. असं करत करत देवळाशी पोचले की जयसिंगराव विचारायचे, “अण्णा, मागं कोण?” आणि अण्णा काठी वर करून ओरडायचे, “मागं कोणी नाही!” मग डबे उघडायचे. त्याआधी नाही.

आता कसं असतं, गोड वाटणारी गोष्टच पुढं जड होते. अण्णांचा गुडघा बिघडत गेला. आम्ही देवळात बसून वाट बघायचो, इडल्या थंड व्हायच्या. एचएसआर लेआउटकडनं एक नवं जोडपं यायला लागलं होतं, पुण्याचं, चालायला तुरतुरीत. ते हसत हसत म्हणाले, “जयसिंगराव, तुमची फेरी सुंदर आहे, फक्त अर्धी फेरी वाट बघण्यात जाते.” बाकीचेही हसले. मीही हसलो असेन.

जयसिंगरावांना ते लागलं. माणूस वाईट नव्हे, पण चार लोकांनी वाहवा करावी याची फार भूक. संक्रांतीनंतरची फेरी होती, मागडीच्या बाजूला, एका मोठ्या तळ्यावर. आदल्या पावसाळ्यात पाऊस भरपूर झालेला, तळं काठोकाठ. शनिवारी रात्री त्यांनी अण्णांना फोन केला.

“अण्णा, उद्याची फेरी रद्द. बस मिळाली नाही.”

“अय्यो. आणि चिंध्या? तू बांधून आला असशील की.”

“आलो बांधून. राहू देत. काय होतंय?”

“राहू देत कसं?” अण्णा म्हणाले. “सरी, ठीक आहे, बघू.”

आणि सकाळी बसमध्ये आम्हांला सांगितलं, अण्णांचा गुडघा दुखतोय, येत नाहीत.

फेरी झकास झाली. इडल्या गरम होत्या. पुण्याचं जोडपं म्हणालं, आज खरी मजा आली. दुपारच्या आत सगळे घरी. चिंध्या तेवढ्या झाडांवर राहिल्या, कारण त्या दिवशी शेवटचं असं कोणी नव्हतंच.

अण्णा मात्र दुपारचं जेवून निघाले. अक्कांना म्हणाले, “फेरी झाली नाही म्हणून काय झालं, जयसिंगनं बांधलेल्या चिंध्या तशाच राहतील. घेऊन येतो.” दोन बसा बदलून त्या गावाला गेले. एकटे. एकेक चिंधी सोडत बांधावरून निघाले. सांडव्याजवळ करंजाच्या झाडाला शेवटची होती. तिथं पोचेपर्यंत अंधारलं असणार. गुडघ्यानं दगा दिला, की पाय घसरला, कोण सांगणार?

सोमवारी सकाळी गावातल्या लोकांना तळ्यात दिसले. ओळख पटवायला जयसिंगरावांनाच नेलं. अण्णांच्या खिशात ओल्या चिंध्या, प्रत्येकीला चार घड्या. आणि करंजाला ती शेवटची, जांभळी, वाऱ्यावर हलत होती. जयसिंगराव तिच्याकडे बघत उभे राहिले. ती सोडून घ्यायला त्यांचा हात उठला नाही.

लाज कशी असते माहीत आहे? मोठं पाप केल्यावर माणूस रडतो, पाया पडतो. लाजेत माणूस हुशारी करतो. तेराव्याला फेरीतले सगळे अण्णांच्या घरी गेलो होतो. अक्कांना वाटत होतं फेरी झालीच नाही. आम्हांला वाटत होतं गुडघा दुखत असताना म्हातारा उगाच एकटा गेला. या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या असत्या तर संपलंच. म्हणून जयसिंगराव पूर्ण वेळ आमच्यातल्या कोणाला अक्कांजवळ टेकू देईनात. “या, इकडं बसा, कॉफी घ्या, तिकडं गर्दी नको.” मला वाटलं, किती राबतोय बिचारा. वर अक्काच त्यांना म्हणाल्या, “भावजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांचा स्वभावच तसा.” जयसिंगरावांनी मान हलवली. मला सांगितलं त्यांनी, त्या क्षणी स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं, आणि तरी मान हलवली.

मग फेरी बंद पडली. चैत्र गेला, आषाढ गेला. त्या वर्षी पाऊस आलाच नाही, आठवतं ना, टँकरसाठी रांगा लागल्या होत्या? कार्तिकात लोकांनी फार आग्रह धरला, तेव्हा जयसिंगराव तयार झाले. पण गाव निवडलं अगदी उलट दिशेचं, कनकपुऱ्याच्या बाजूचं. कोरडं रान, खडक, निलगिरीची झाडं. तळं नाही, ओढा नाही. मुद्दाम. आणि अक्कांकडे साडी मागायला तोंड नव्हतं, म्हणून स्वतःची जुनी निळी लुंगी फाडली. कोणाला दाखवली नाही, कोणाला सांगितलं नाही.

बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी. तिच्या आदल्या शनिवारची रात्र. दुपारी निघाले, पण वाटेत स्कूटर पंक्चर झाली, आणि मारुतीच्या देवळाशी पोचेपर्यंत ऊन कललं. स्कूटर तिथं लावली आणि पायवाटेनं चिंध्या बांधत निघाले. शेवटची बांधली ती टेकडीच्या पायथ्याशी, एका वडाला. तेव्हा पूर्ण अंधार पडला होता. चंद्र उगवायला पहाट होणार होती. आता त्याच वाटेनं देवळाकडे परतायचं, एवढंच काम. चिंध्या होत्याच वाट दाखवायला. फोनचा उजेड लावला आणि वळले.

पहिल्या वळणाला चिंधी दिसली नाही.

वाटलं, झाड चुकलं. पुढच्या झाडावर उजेड टाकला. तिथंही नाही. मग परत मागं वडापाशी आले, आत्ताच बांधली ती बघायला.

वडालाही नव्हती.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. वाट तेवढी पायाखाली जाणवत होती, ती धरून ते चालायला लागले. भराभर. जरा वेळानं मागं आवाज आला.

टक.

थांबले. आवाज थांबला.

चालले... टक. आणि एक पाय ओढल्याचा आवाज. टक... आणि पाय ओढला.

ते पळाले नाहीत. मी विचारलं, का हो? म्हणाले, गिरीराज, पळालो असतो तर अण्णा पुन्हा मागं पडले असते.

तसेच चालत राहिले. हळू. त्या काठीच्या चालीनं. देवळाचा दिवा दिसला, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं,

“अण्णा... मागं कोण?”

काही नाही.

कुठं कुत्रं नाही, रातकिडा नाही.

मग अगदी कानाशी... दमलेला श्वास... आणि शांतपणे...

“मी राहिलोय, जयसिंग.”

...

भव्या, दिवा नको लावूस. संपत आलं.

स्कूटर कशी सुरू केली, शहरात कसे आले, त्यांना आठवत नाही. घरी गेले नाहीत. गल्लीबोळ फिरत राहिले. पहाटे बघतात तर अण्णांच्या दाराशी. येताना मनात जुळवाजुळव चाललेलीच होती, की काहीतरी गोल गोल बोलू, अण्णांची आठवण झाली म्हणू. एवढं होऊनसुद्धा. बघा माणूस.

दार उघडंच होतं. अक्का उंबऱ्याशी रांगोळी घालत होत्या. वर बघून म्हणाल्या,

“परत आलात होय, भावजी? मघाशी हाकही न मारता गेलात.”

“मघाशी?”

“हे ठेवून गेलात ना?” अक्कांनी ओच्यातून काढून दाखवलं. निळ्या चिंध्या. लुंगीच्या. प्रत्येकीला चार घड्या. “पायरीवर होत्या. मी आतून काठीचा आवाज ऐकला, म्हटलं तुम्हांलाही काठी लागली की काय. घड्या मात्र अगदी त्यांच्यासारख्या घातल्यात हो.”

आता बघा. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. अक्कांना बरं वाटलं असतं, आणि यांची आयुष्यभराची सुटका. ‘हो’ ओठांपर्यंत आलं होतं, असं त्यांनीच मला सांगितलं.

“नाही, अक्का,” जयसिंगराव म्हणाले. “मी नाही ठेवल्या.” आणि तिथंच पायरीवर बसले. “अक्का, त्या दिवशी फेरी रद्द नव्हती.”

अक्कांच्या हातातली रांगोळी खाली सांडली.

“अण्णा हळू चालतात म्हणून मी खोटं सांगितलं. सगळे गेलो होतो आम्ही.”

“सगळे?”

“सगळे.”

“आणि हे दुपारी... एकटे...”

“हो.”

रस्त्यानं दूधवाला गेला. जयसिंगराव मान खाली घालून बसले होते. त्यांना वाटत होतं, आता अक्का ओरडतील, हाकलून देतील, आणि तसं झालं तर बरं होईल. पण अक्का रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुमच्या फेरीची वाट बघत बसायचे ते. शनिवारी रात्रीच काठी दाराशी आणून ठेवायचे.”

हे ऐकून मात्र जयसिंगराव रडले. साठीच्या पुढचा माणूस, भर पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

“उठा,” अक्का शेवटी म्हणाल्या. “आज फेरी आहे ना? लोक उभे असतील. हे जे मला सांगितलंत ते त्यांनाही सांगा. आणि पुढं दुसऱ्या कोणाला घाला. तुम्ही शेवटी चाला.”

तसंच केलं त्यांनी. बसमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं. दोन-तीन लोक उतरून गेले, परत आले नाहीत. तेव्हापासून जयसिंगराव सगळ्यांच्या मागं चालतात, चिंध्या सोडत, चार घड्या घालत.

पण ते नंतरचं. त्या पहाटे ते उठून निघाले, तेव्हा अक्कांनी चिंध्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला. देता देता हात थांबला. निळ्या चिंध्यांच्या मध्ये एक वेगळ्या रंगाची होती. अक्कांनी ती ओढून काढली, उलगडली, आणि डोळ्यांजवळ नेली.

“ही माझ्या साडीची,” म्हणाल्या. “जांभळी.”

जयसिंगरावांनी हात लावून बघितला. चिंधी ओलीचिंब होती. पाणी अक्कांच्या मनगटावरून रांगोळीवर ठिबकत होतं, आणि घडीत तळ्यातलं हिरवं शेवाळ होतं.

मागडीचं ते तळं श्रावणापासून कोरडं पडलं होतं. तळाला भेगा गेल्या होत्या. मी स्वतः जाऊन बघून आलोय.