ओंजळीतलं रेडियम

सुंदरेश घड्याळ घेऊन आला तेव्हा वसंताबाईंच्या कॉफीच्या फिल्टरमधून दुसरा डिकॉक्शन उतरत होता. चोळपुरम्‌हून बसनं कुंभकोणम्‌ला येऊन, चक्रपाणीच्या देवळामागची गल्ली विचारत विचारत तो दारात उभा राहिला. साठीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा टिफिनचा डबा. डब्यात कापसात गुंडाळलेलं घड्याळ होतं.

घ्यायचं होतं कीर्तीला, वसंताबाईंच्या नातीला. ती पुदुच्चेरीला समुद्राच्या तळाशी उतरायला शिकत होती. लग्नाचं काढलं की पोरगी पाण्यात उडी मारते, असं तिची आई म्हणे. जुनं, स्विस, खास पाणबुड्यांसाठी बनवलेलं हे घड्याळ तिनंच फोनवर हुडकलं होतं. विकणारा कुंभकोणम्‌जवळचा निघाला आणि तपासणीचं काम आजीच्या गळ्यात पडलं. वसंताबाईंनी उभा जन्म मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं होतं. त्यांच्या हातून फुकटचा मार्क कुणाला कधी मिळाला नव्हता.

त्यांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर कीर्ती, तिच्यामागे धक्का आणि ऊन. बोट सुटायच्या आत सांग, असं तिनं बजावलं.

सुंदरेशशी बोलणं अर्थातच तमिळमध्ये. नातीशी घरातली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मराठी. परक्या माणसासमोर आपसांत बोलायचं तर आपल्या भाषेसारखं कुलूप नाही, हे वसंताबाईंना आईनं शिकवलं होतं. साडीच्या दुकानातला भाव याच कुलपाआड ठरायचा.

"माणूस बरा दिसतो," त्या म्हणाल्या, "पण गप्प आहे. गप्प विकणारा मला आवडत नाहीं."

सुंदरेश कॉफी फुंकत राहिला.

कीर्ती सांगेल तसं त्या भिंगाखाली बघत गेल्या. काचेवर बारीक ओरखडे, ते असावेतच. डायल जुन्या हस्तिदंतासारखं पिवळं पडलेलं. चावी आट्यांवर घट्ट बसणारी. पाठीच्या खाचा शाबूत, म्हणजे कुणी आडदांडपणे उघडलेलं नाही. भोवतीचं कडं टक्‌ टक्‌ करत फिरत होतं. त्याचा उपयोग कीर्तीनं समजावला. पाण्यात शिरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. काटा खुणेच्या जितका पुढे, तितका वेळ आपण खाली. पाठीवरच्या नळकांड्यात हवा बेताचीच, म्हणून फार पुढे जाऊ द्यायचा नाही.

"आतां रेडियम बघ, आजी. चमकतां कामा नये."

हे वसंताबाईंना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तो रंग मरतो. चमकला तर नंतर कुणीतरी थापलेला. वडिलांकडे रेडियमचं गजराचं घड्याळ होतं. सगळी भावंडं चादरीत डोकी घालून त्याचे हिरवे आकडे बघायची. ती भावंडं आता कुठं राहिली होती?

त्यांनी घड्याळ दोन्ही तळव्यांत धरलं, ओंजळ मिटली आणि अंगठ्यांच्या फटीला डोळा लावला.

काळोख. मेलेला रंग.

"खरें आहे," त्या म्हणाल्या. कीर्ती टाळी वाजवून हसली. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे आणि परत एकदा बघ, एवढंच तिचं म्हणणं पडलं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. या खेपेला ठिपके होते. मंद, हिरवट. बोटांच्या सांदीतून ऊन येत असेल म्हणून त्यांनी दाराकडे पाठ केली, डोक्यावरून पदर घेतला. मोतीबिंदू काढल्यापासून नजर स्वच्छ होती. ठिपके तसेच होते. पण जागेवर नव्हते. घड्याळ ओंजळीत होतं आणि ठिपके ओंजळीच्या खाली होते. मांडीच्या खाली, फरशीच्याही खाली, विहिरीत पडलेल्या लोट्यासारखे.

त्यांनी पदर काढला. गल्लीत भांडीवाल्याची ठोकठोक चालू होती. सुंदरेश घड्याळाकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"चमकतें कां?" कीर्तीनं विचारलं.

"थांब."

तिसऱ्यांदा त्यांनी डोळा लावला.

ठिपक्यांच्या उजेडात मनगट दिसलं. घड्याळ त्यावर बांधलेलं होतं. हात सैल, बोटं अर्धवट मिटलेली. अंगठ्याखाली पांढुरका डाग होता. एका दिवाळीत कीर्तीनं फुलबाजीची तापलेली तार धरली होती, त्यावर वसंताबाईंनीच लोणी लावलं होतं.

मिनिटकाटा खुणेच्या फार फार पुढे गेला होता.

हात हलत नव्हता.

त्यांनी ओंजळ उघडली. तळवे ओले होते.

"बनावट आहे," त्या फोनकडे बघून म्हणाल्या.

"आत्तां तर खरें म्हणालीस."

"रंग नवा आहे. चमकतो. मला नक्को हें घड्याळ आपल्या घरांत."

कीर्तीचं तोंड पडलं. मग आजीची नजर म्हणजे नजर, असं काहीसं ती पुटपुटली.

"कीर्ती, आज पाण्यांत जाऊं नकोस."

"कां?"

वसंताबाईंना कारण सुचेना. सगळा जन्म कारणं सांगण्यात गेला होता. "वारा आहे म्हणे," त्या म्हणाल्या.

"इथें पान हलत नाहीं, आजी," कीर्ती हसली. मागून कुणीतरी हाक मारली. पडदा काळा झाला.

त्यांनी घड्याळ सुंदरेशपुढे सरकवलं आणि तमिळमध्ये सांगितलं, मुलीला पसंत नाही. त्यानं घासाघीस केली नाही. कापूस गुंडाळला, डब्याचं झाकण दाबलं आणि चपला घालायला वाकला.

"आमच्या अप्पांनींही सेतूला बनावट म्हणूनच सांगितलें होतें, आक्का," तो म्हणाला.

मराठीत. त्यांच्या आईच्या मराठीत.

वसंताबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. "तुम्ही आपल्यांतले? सेतू कोण?"

"धाकटा भाऊ. तूत्तुकुडीच्या बंदरांत पाणबुड्या होता. अप्पांनीं हें त्याच्यासाठींच घेतलें, आणि पाहिल्यावर दिलें नाहीं."

"मग?"

"मग त्यानें दुसरें घेतलें. बुडाला तेव्हां हातांत तेंच होतें."

"आणि तुम्ही हें विकत फिरतां?"

"दर खेपेला वाटतें, कुणाला तरी नुसतें घड्याळ दिसेल." त्यानं डबा काखेत धरला. "जाऊन येतों."

तो वळणाआड होईपर्यंत त्या दारातच होत्या. मग आत येऊन त्यांनी कीर्तीला फोन लावला. वाजला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात तिनं मघाशी पाठवलेला निरोप येऊन पोचला.

सरांनीं त्यांचें जुनें घड्याळ आजच्यापुरतें दिलें, आजी. तूं रागावूं नकोस. बोट सुटली, आतां रेंज जाईल.

खाली फोटो होता. लख्ख ऊन, निळं पाणी, बोटीचा काठ आणि कीर्तीचं मनगट. वसंताबाईंनी दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला, डायलनं सगळा पडदा भरेपर्यंत.

खूण बारावरच होती. कडं अजून कुणी फिरवलेलं नव्हतं.