खोलीचं माप

माझा धंदा मापाचा आहे. लोकांच्या घरात कपाटं, पलंग, स्वयंपाकघरातले कप्पे बसवून देतो आणि एक सूत इकडचं तिकडे झालं तरी मला चैन पडत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बायको मला फूटपट्टी म्हणते, तेही चारचौघांत.

रविवारी घर सोडायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर, लिफ्ट नाही, आणि बाबांचे गुडघे जिन्यावर रोज नवी तक्रार करायला लागले होते. घरमालकाला चावी द्यायची ती रिकाम्या घराची, असं ठरलं होतं. बायकोने सोमवारी कंबर कसली. हॉलमध्ये तीन ढीग झाले : न्यायचं, द्यायचं, टाकायचं. स्वयंपाकघरातून झाकण नसलेले सतरा डबे आणि डबे नसलेली बावीस झाकणं निघाली, त्यातली जेमतेम तीन एकमेकांना लागली. माझे कॉलेजातले बूट माझ्या देखत तिसऱ्या ढिगात गेले.

राहिली बाबांची खोली. बाबा आयुष्यभर कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर होते, तेव्हा वस्तू जपून ठेवण्याची सवय जुनीच. पण आई गेल्यापासून अकरा वर्षांत त्यांनी त्या खोलीतून कागदाचा कपटा बाहेर जाऊ दिला नव्हता. उलट बाहेरून आणत गेले. वर्तमानपत्रांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, पाय मोडलेल्या खुर्च्या, पत्र्याचे डबे, सात छत्र्या, मोटर नसलेला कूलर. दारापासून पलंगापर्यंत आडवं होऊन जावं लागे. आम्ही समजत होतो की एकटेपणा आहे, जाऊ दे.

या खोलीवरूनच बाबा नवीन घरी यायला तयार नव्हते. शेवटी मी म्हणालो, "बाबा, नवीन घरात तुम्हाला हीच खोली देतो. हेच माप. मी स्वतः पार्टिशन टाकून बसवतो."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "रिकामी देशील?"

"अगदी रिकामी."

"बरं," ते म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी ढिगाऱ्यावर चढून माप घेतलं. लांबी बारा फूट चार इंच. रुंदी, म्हणजे दाराच्या भिंतीपासून समोरच्या खिडकीच्या भिंतीपर्यंत, नऊ फूट सात इंच. मंगळवारी नवीन घरात पार्टिशन उभंही केलं. त्याच दिवशी रद्दीचे गठ्ठे बाबांच्या खोलीतून काढून हॉलमध्ये टाकायच्या ढिगावर रचले. भिंतीएवढा ढीग झाला. रद्दीवाला शनिवारी येणार होता.

बुधवारी एका फळीसाठी पुन्हा रुंदी घेतली. नऊ फूट चार इंच.

मी स्वतःला शिवी घातली. पण तीन इंच चूक माझ्या हातून शिकाऊ असतानाही झाली नव्हती. दुसरा टेप आणला, तेच. हॉल मोजला, हॉल होता तेवढाच. मग खिडकीकडे लक्ष गेलं. खिडकीच्या कट्ट्यावर बाबांचा पाण्याचा तांब्या काठाला लागून बसायचा, आता त्याच्या पुढे दोन बोटं मावतील एवढी जागा होती. आणि दारातून आत शिरताना एक पाऊल पुरायचं, ते आता पुरत नव्हतं. दोन्हीकडच्या भिंती आतल्या बाजूने जाड झाल्या होत्या. पोपडा नाही, तडा नाही. रंग अकरा वर्षांपूर्वीचाच.

बायकोला म्हणालो, "खोली लहान वाटत नाही का गं?"

"सामान हललं की घर वेगळंच दिसतं. तुम्ही ते कूलरचं धूड उचला आधी."

कूलर उचलला. खुर्च्या उचलल्या. मनात नसताना टेप लावला. आठ फूट अकरा.

बाबा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते. "किती भरलं?" त्यांनी विचारलं. गोदामात माल आला की विचारायचे, त्याच आवाजात.

"आठ-अकरा."

त्यांनी मान हलवली. त्यांना नवल वाटलं नाही.

"तुझी आई गेली तेव्हा तिचं सगळं एका दिवसात देऊन टाकलं मी," ते म्हणाले. "कपाट, मशीन, साड्या. बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर पलंगावरून खिडकीला हात लागत होता. एक खुर्ची आणून ठेवली. थांबलं. मग आणत गेलो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मोजलं असतंस."

मला त्यांचा राग आला, आणि रागाच्या खाली सरळसरळ भीती होती. अकरा वर्षं आम्ही त्यांना हसत होतो. बायकोने दोनदा डॉक्टरचा नंबर काढून ठेवला होता.

"बाबा, आत्ताच्या आत्ता हॉलमध्ये चला. आज तिथेच झोपा."

"मी उठलो तर उरलेलं सामान पुरायचं नाही. आणि आत उचलायला तुम्ही येणार. सगळं निघू दे, मी शेवटी निघेन." ते म्हणाले, "मीही सामानच आहे रे."

त्यांना उचलून बाहेर न्यायला हवं होतं. पण तीन दिवसांनी ट्रक होता, हातात दोन टेप होते, आणि मी अजून तिसऱ्या टेपचा विचार करत होतो. गुरुवारी आणि शुक्रवारी मी त्या खोलीतलं काहीही हलवू दिलं नाही. बायकोने विचारलं तर कंबर धरली आहे म्हणालो. खोली आठ-अकरावर थांबून राहिली. मी दर दोन तासांनी बघत होतो.

शनिवारी सकाळी दहाला ट्रक आला, चार हमाल आले. बाहेर लख्ख ऊन होतं. मी खोलीच्या दारात ठाण मांडून बसलो आणि हमालांना सांगितलं, आतलं सामान मी सांगेन तसं, एकेक करून. बाबांचा हात धरून त्यांना आधी बाहेर काढायचं आणि मग बाकीचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यात खालून ट्रकवाला ओरडला की कपाट दारात अडकलंय, मोजायला या. मी गेलो. माप म्हटलं की मला राहवत नाही. चार मिनिटं गेली असतील.

वर येताना जिन्यात दोन हमाल भेटले. त्यांच्या खांद्यावर बाबांचा पलंग होता. तिसऱ्याच्या डोक्यावर पत्र्याचे डबे. चौथ्याच्या हातात स्टूल आणि छत्र्या.

"ताईंनी सांगितलं उरकून टाका," तो म्हणाला. "खोली झाली साफ. आजोबा तेवढे आत उभे आहेत."

मी तीन-तीन पायऱ्या चढलो.

दार उघडंच होतं. दारापलीकडे बोळ होता. माझ्या खांद्यांएवढा रुंद, चार पावलं लांब, पांढऱ्या भिंतींचा. त्याच्या टोकाला खिडकीची भिंत दिसत होती, अगदी जवळ. ओल्या चुन्याचा वास येत होता. आवाज कसलाच नव्हता, आणि मला आवाज हवा होता.

"बाबा!"

मी आत शिरलो.

बोळाच्या टोकाला जाऊन डावीकडे डोकं काढलं. बाबा दोन भिंतींच्या मध्ये उभे होते. पाठ एकीला, छाती दुसरीला. गाल भिंतीला टेकलेला, डोळे मिटलेले.

मी हात लांब केला. बोटं त्यांच्या बाहीपर्यंत पोचली. धरता येईना.

माझ्या बरगड्यांना दोन्ही बाजूंनी भिंत लागली. ती गार नव्हती.

मी मागे सरकलो आणि ओरडलो, "रद्दी! रद्दी आण!"

बायको धावत आली. तिने दारातून आत पाहिलं. टाकायच्या ढिगावरून तिने गठ्ठा फेकला. मी तो आत ढकलला. दुसरा. पाचवा. उरलेली एकोणीस झाकणं. माझे बूट.

दहाव्या गठ्ठ्याला भिंत थांबली.

विसाव्याला बाबांची बाही हातात आली.

मी खेचलं. बायकोने माझे पाय धरून खेचलं. आम्ही तिघं हॉलच्या फरशीवर येऊन पडलो.

बाबांचा श्वास चालू होता. जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच फरशीवर बसून लहान मुलासारखा रडलो. बाबांच्या गालावर चुना लागला होता, तो ते बोटांनी चाचपत होते.

उरलेली सगळी रद्दी आम्ही त्या खोलीत भरली आणि दाराला कुलूप घातलं. घरमालकाला सांगितलं, आतलं छत पडायला आलंय, इतक्यात उघडू नका, रद्दीचं काय ते मी भरून देईन. तो कुरकुरला आणि गप्प बसला. रविवारी आम्ही नवीन घरी होतो.

नवीन घर छान आहे. बाबांची खोली बारा-चार बाय नऊ-सात, मी दिलेल्या शब्दाप्रमाणे. पण रिकामी मात्र मी ठेवली नाही. पहिल्याच आठवड्यात दोन कपाटं, एक टेबल, चार खुर्च्या, आईची होती तसली एक शिलाई मशीन असं आणून ती गच्च भरली. बायकोने या खर्चाबद्दल चकार शब्द काढला नाही.

पंधरा दिवसांनी बाबांनी एक खुर्ची ओढत हॉलमध्ये आणली. "ही नको मला."

मी ती परत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हॉलमध्ये होती, सोबत दुसरी. मग टेबलाचे खण. मग पुस्तकं. शेजारच्या बाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, या वयात इतका नीटनेटका माणूस बघितला नाही. मी परत ठेवतो, ते बाहेर आणतात. मी कामाला गेलो की त्यांना दिवस मोकळा मिळतो. परवा त्यांनी कपाटाचे स्क्रू माझ्याच स्क्रूड्रायव्हरने काढून दारं मला दिली.

"बाबा, असं करू नका," मी हात जोडले. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला असेल.

"उगाच घाबरलो रे इतकी वर्षं," ते म्हणाले. "गालाला भिंत लागली, तर तुझ्या आईचाच हात लागल्यासारखं झालं."

काल त्यांनी चष्मा दिला, घड्याळ दिलं, आणि उशी दिली.

आज सकाळी चहा घेऊन गेलो. दार वीतभर उघडलं आणि कशाला तरी अडलं. मी हलकेच ढकलत राहिलो. फटीतून ओल्या चुन्याचा वास आला.

"थांब, ढकलू नकोस," आतून बाबांचा आवाज आला. किती आनंदात होते. "आम्ही दोघं जरा सरकून घेतो."