उशाशी आलेली खुर्ची

बहिणीच्या कुकरची शिट्टी द्यायला गेलो होतो, एवढंच. दिवा जरा जवळ सरकवा. घाबरल्यावर तुमची तोंडं कशी होतात ते मला बघायचंय.

तेव्हा आमच्या वस्तीत चोऱ्यांनी वात आणला होता. कुलपं शाबूत, माल गायब. प्रत्येक घरात एक खुर्ची मात्र झोपलेल्याच्या उशाशी ओढलेली. त्यातल्या दोन घरांत झोपलेलं माणूस पुन्हा उठलंच नाही.

बहिणीचे जावई फौजदार. म्हणाले, "मामा, चोरी वेगळी, हार्ट अटॅक वेगळा."

मी म्हटलं, "आणि तुमची अक्कल? ती कुठं वेगळी ठेवलीय?"

तर बहीण पाय मोडून अंथरुणावर. माझ्याकडच्या किल्लीनं आत शिरलो, तर तिनं शिट्टीकडे बघितलंसुद्धा नाही.

"दादा... डोळा लागला होता. जाग आली तर ही खुर्ची इथं..."

"काही गेलं?"

"अजून नाही..."

म्हणजे गडी परत येणार! या धिप्पाड बाईला जिन्यावरून उतरवणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं. पाहुण्यांना दचकवायला सायकलचा रबरी भोंगा माझ्या पिशवीत कायम असायचा. तो खुर्चीच्या गादीखाली सारला आणि पडद्यामागं बसलो.

तिन्हीसांज झाली. बंद ट्रंकेतल्या कपड्यांसारखा वास आला... फरशीवर खुर्चीचे पाय घासले... कर्रर्र... दिसेना कुणीच. बहिणीनं श्वास रोखलेला. आणि गादी हळूहळू खाली दबायला लागली...

पोंऽऽऽ!

अशी किंकाळी फुटली म्हणता! खुर्ची उताणी, दार सताड, आणि जिन्यावरून धाडधाड कुणीतरी पळालं. मी कठड्यावरून ओरडलो, "अहो, चहा तरी घेऊन जा!" आत बहीण हसून हसून रडत होती.

खाली जिन्याशी ढीग पडलेला. घड्याळं, अंगठ्या, चष्मे, पाववाल्याचा रेडिओ. सगळी वस्ती लोटली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, पाववाल्यानं टकलाचा मुका घेतला.

जावई हळूच म्हणाले, "मामा, कागदावर काय लिहू?"

"आरोपी फरार. कारण, भोंगा."

त्यानंतर चोरी नाही, की झोपेत कुणी गेलं नाही. बहीण आता जिने चढते, मला शिव्या देते.

ढिगात एक कवळी होती. ती मात्र कुणाचीच निघाली नाही. जावयांनी डबीत घालून चौकीच्या कपाटात कुलपात ठेवलीय.

रोज सकाळी ती ओली असते.