रंग जुळेपर्यंत

हसू नका, पण त्या दिवशी मी वडिलांकडे गेले होते ती केवळ टीव्हीचा रंग नीट करायला. आई जाऊन तीन महिने झाले होते. बाबा मागच्याच आठवड्यात बाथरूममध्ये पडले, तरी माझ्याकडे राहायला यायला तयार नव्हते. शेवटी एका अटीवर कबूल झाले. आईच्या साठाव्या वाढदिवसाचं शूटिंग त्यांच्या जुनाट टीव्हीवर धड दिसलं पाहिजे, आईचा रंग जुळला की लगेच निघू. मी त्यांची बॅग भरून गाडीच्या डिकीत टाकली आणि रिमोट हातात घेतला.

रंग जुळवणं हा माझा धंदाच. छापखान्यात सोळा वर्षं तेच करतेय. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. काचेवर उजेड पडू नये म्हणून भरदुपारी खिडक्या झाकून घेतल्या. खोलीला बंद कपाटासारखा वास येत होता. रिमोटची बटणं इतकी झिजलेली की एकेक चारदा दाबावं लागे. आई हसत कॅमेऱ्याकडे बघते, तिथे चित्र थांबवलं. आधी काळा रंग काळा केला, मग पांढरा, मग तिचा चेहरा. छान गव्हाळ आला, होता तसाच.

"नाही गं," बाबा म्हणाले. "फार लाल आहे."

लाल कमी केला.

"अजून."

"बाबा, आई अशीच होती!"

"अजून थोडा उतरव."

तासभर हेच. मी पार वैतागले. गिऱ्हाईक असतं तर केव्हाच हाकलून दिलं असतं. त्यांच्या डोळ्यांचा संशय आला, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरातले रंग विचारले. सगळे बिनचूक सांगितले.

"मग चुकतंय कुठे, ते तरी सांगा!"

"ओठ," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हिचे ओठ इतके लाल नाहीत..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबा आधी टीव्हीकडे बघत, मग डावीकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. आमच्या छापखान्यात नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आठवणीवर जाऊ नका, नमुना शेजारी ठेवून जुळवा. बाबांच्या डावीकडे आईची खुर्ची होती. रिकामी.

"बाबा... तुम्ही कशाशी ताडून बघताय?"

"थांबू नकोस. थोडंच राहिलंय."

मी तिथेच उठायला हवं होतं. पण भीतीपेक्षा संताप जास्त होता, आणि काही करून त्यांना त्या घरातून बाहेर काढायचं होतं. मी बटण दाबत राहिले. गव्हाळ गेला, करडा आला. डोळ्यांखाली मातकट छटा उतरली. ओठ निळसर झाले.

"बस्स," बाबा समाधानाने म्हणाले. "आता जुळला."

तो रंग मी ओळखला. दवाखान्यात चादर बाजूला करून मला दाखवली, तेव्हा आई अशीच होती. बाबांना आम्ही ते दाखवलंच नव्हतं.

टीव्ही बंद केला, कुलूप लावलं आणि त्यांना दंडाला धरून जवळजवळ ओढतच खाली आणलं. गाडीचं पुढचं दार उघडून दिलं, तर ते मागे जाऊन बसले.

"अहो, पुढे बसा ना! मागे पाय आखडतील तुमचे."

"असू दे."

गाडी सुरू केली. लगेच दिवा लागला, आणि शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून टुंटुं वाजू लागलं. सीटवर काहीच नव्हतं. मी हात फिरवून पाहिला. गाडी दुपारभर उन्हात उभी होती, आणि ती सीट गारढोण होती.

"हिला जमत नाही ते," बाबा मागून म्हणाले. "तूच लाव."

मी लावला. आवाज थांबला. पण पट्टा सीटला टेकला नाही. माझ्या घरी पोचेपर्यंत तो वीतभर वरच ताणलेला राहिला होता.