पाचव्या ट्रॉलीची माती

"विटा कुठं उतरवू, मॅडम?"

वैजयंती ढोके अर्धवट भिंतीला पाइपनं पाणी घालत उभी होती. तिनं मान वळवून पाहिलं. फाटकातून एक ट्रॅक्टर आत आला होता, ट्रॉलीत लालभडक भाजलेल्या विटा होत्या, आणि स्टिअरिंगवर कोपर टेकून एक सावळा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस बसला होता.

"इथं नाही. इथं भाजलेली वीट चालत नाही."

"मंग काय, कच्ची चालते?"

"दाबलेली चालते. मशीनमंधी. धूर नाही, भट्टी नाही. तुमचं गिऱ्हाईक पुढच्या फाटकात असन."

तो हसला, पण ट्रॅक्टर काही मागं घेईना. खाली उतरला आणि सरळ तिच्या मातीच्या ढिगाकडं गेला... जसं काही घर त्याचंच होतं.

कारंजा गावात वैजयंतीला सगळे 'बिल्डरबाई' म्हणत. आठ वर्षांत तिनं तेवीस घरं बांधली होती आणि एकाही घरमालकाला तिच्या दारात भांडायला यावं लागलं नव्हतं. गेली दोन वर्षं तिनं मुरूम आणि थोडं सिमेंट दाबून केलेल्या विटांचं काम धरलं होतं. असं घर मे महिन्यातही गार राहतं, हे ती लोकांना पटवून द्यायची. लोक चहा प्यायचे, मान डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, "पण बाई, तुमी सोता कुठं राहता?" ती तर आईबरोबर भाड्याच्या स्लॅबच्या घरात राहत होती. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? म्हणून मंगरूळपीर रोडवर तिनं आधी स्वतःचं घर बांधायला काढलं. शेजारचे चौदा प्लॉटही तिचेच होते, आणि घेणारे म्हणत, "तुमचं घर एक पावसाळा काढू द्या, मंग बोलू." म्हणजे या एका घराला तडा गेला, की वैजयंतीचा धंदा गेला.

तो माणूस आता ढिगातली ओली माती दोन बोटांत वळत होता. दोरीसारखी लांब वळली तरी ती तुटली नाही.

"ही माती खोटी हाय, मॅडम."

"वाशिमच्या लॅबचा रिपोर्ट आहे माह्याजवळ."

"रिपोर्ट पह्यल्या ट्रॉलीचा असन. ही कितवी?"

"पाचवी," कोपऱ्यातून जगदेव मिस्त्री पुटपुटला. वैजयंतीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो लगेच घमेलं शोधू लागला.

"खणणाऱ्यानं वरची काळी माती बाजूले नाही केली, मुरमात मिसळली. काळी माती पाण्यात फुगते, उन्हात आकसते. तुमाले तं ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. म्हणूनच तर झोंबलं. "तुमी भट्टीवाले. आमच्या विटेले तुमी चांगलं कायले म्हणान?"

"तुमचं घर तडकलं तं माह्याच विटा जास्त खपतीन," तो शांतपणे म्हणाला. "तरी सांगून राह्यलो. राजपाल पवार, आसेगावच्या तांड्यावरचा. राग उतरला तं फोन करजा." जाताना त्यानं ट्रॉलीतली एक वीट काढून तिच्या ओट्यावर ठेवली. तिच्यावर त्याचा नंबर छापलेला होता. आगाऊ कुठला!

पण राग एकीकडं आणि भिंत एकीकडं. तो गेल्याबरोबर तिनं पाण्याच्या बाटलीत ती माती घातली, चिमूटभर मीठ टाकलं आणि खळखळून हलवली. चांगल्या मुरमाची वाळू पटकन तळाशी बसते. ही बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळच होती... आणि खाली बसली होती ती अर्ध्याहून जास्त चिकण माती.

मागची भिंत खिडकीपर्यंत आली होती, आणि तिच्या विटा याच ढिगाच्या मातीच्या होत्या. पहिल्या ट्रॉलीची माती वैजयंतीनं स्वतः तपासली होती. पुढच्या ट्रॉल्या आल्या तेव्हा ती वाशिमला गेलेली होती, आणि आल्यावर तिनं ढिगाला हातही लावला नव्हता. चूक खणणाऱ्याची होती, तशी तिचीही होती.

"पाडा," ती म्हणाली.

"बाई, प्लास्टर मारलं की कोणाले दिसते?" जगदेव कळवळला.

"मले दिसते, जगदेवभाऊ."

दुपारपर्यंत भिंत खाली आली आणि संध्याकाळपर्यंत बातमी कारंजाभर झाली. प्लॉट पाहून गेलेल्या एका सोनारानं फोन करून नको म्हणून सांगितलं. तिच्या आईनं, रंगूबाईनं, दारासाठी आणून ठेवलेल्या नव्या सागवानी चौकटीवरची धूळ पदरानं पुसली. "बाकी काही असो, चौकटीच्या पूजेले जोडपं बसवा लागते. मी एकटी, तू एकटी. तुह्या मामा-मामीले बोलावू?"

"आधी भिंत तं येऊ दे, आई," वैजयंती म्हणाली आणि ओट्यावरच्या विटेकडं पाहत नंबर लावला. "राजपाल... राग उतरला."

"मले वाटलं, आठ दिवस लागतीन," तिकडून आवाज आला. "मी हरलो."

त्यानं तिला तांड्यामागच्या टेकडीवर नेलं. तिथला मुरूम भरड, पिवळसर, हातात घेतला की करकरणारा होता. राजपाल लहान असताना त्याचे आईबाप दिवाळी झाली की भट्ट्यांवर विटा थापायला जायचे. तो चालायला शिकला तो मातीतच. आता भट्टी त्याची स्वतःची होती, पण वडील धनसिंग आयुष्यभराच्या धुरानं दिवसभर खोकत.

"तुमची मशीन शिकवान का मले?" त्यानं विचारलं.

"फी लागन."

"काय?"

"प्रत्येक ट्रॉली तुमी पाह्यची. पह्यली बी आन पाचवी बी."

मग तो रोज येऊ लागला. ट्रॉली तर दिवसाआड एकच यायची, पण हे विचारायचं कोणी? विटांवर ओलं पोतं टाकताना दोघांचे हात एकाच टोकाला पडत, आणि मग दोघंही उगाच दुसरं टोक शोधत. एकदा पाइप फिरवताना तिनं त्याला नखशिखांत भिजवला. "विटेले एकवीस दिवस पाणी लागते," ती म्हणाली. "माणसाले?" त्यानं डोळे पुसत विचारलं. ती हसली आणि तिच्या लक्षात आलं की दुपारी ट्रॅक्टरचा आवाज आला नाही, तर हल्ली तिचं हिशोबात मन लागत नाही. प्रेम होतं ते. वैजयंती स्वतःशी खोटं बोलणारी नव्हती.

मार्चमध्ये एक निवृत्त मास्तर आले. नव्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "सोताची भिंत पाडणारी बिल्डर म्या पह्यल्यांदाच पाह्यली. तीन नंबरचा प्लॉट माह्या नावानं ठेवा." आठवड्यात आणखी दोघं आले. पावसाळ्याची वाट कोणी पाहिली नाही.

आता पुढची भिंत उभी राहायची होती, आणि त्याआधी चौकट. वैजयंतीनं राजपालला सकाळी बोलावलं.

"चौकटीची पूजा कराची हाय," ती म्हणाली. "जोडपं लागते."

"मामा-मामी येऊन राह्यले नं?"

"मी त्याईले नाही सांगितलं." ती त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली. "घर माहं आहे. पूजेले मीच बसन म्हणते... बाजूची जागा रिकामी हाय."

राजपालचा हसरा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. त्यानं हाताची माती पँटला पुसली, पुन्हा पुसली. "वैजयंती... मी तांड्यावरचा. तुह्या मायले चालन?"

"मायनं कालच तुह्या मायले फोन केला. तारीख काढून राह्यल्या दोघी. आधी लगीन, मंग चौकट. आपल्याले कोण विचारते?"

मग त्यानं ट्रॅक्टरची चावी काढून तिच्या हातावर ठेवली आणि सागवानी चौकटीशेजारी येऊन, पहिल्या दिवसासारखंच विचारलं,

"पूजेले कुठं बसू, मॅडम?"

"इथं," वैजयंती म्हणाली. "माह्या बाजूले."